हाकेआधीची ओ

या मंचावरचे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण लिहायला आज पहिल्यांदाच बसलो. खरं सांगायचं तर वाचायचो ते करमणूक म्हणून. चहा घेता घेता एखादा अनुभव वाचायचा, यात काय काय गाळलंय याचा अंदाज बांधायचा आणि फोन ठेवून द्यायचा. आंबेनळी घाटातून मी लहानपणापासून ये-जा करतोय. माकडं आणि बंद पडलेल्या गाड्या यांच्याखेरीज मला तिथे कुणी भेटलेलं नाही.

माझं काम सांगतो, म्हणजे माझा स्वभाव कळेल. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी वजनकाट्यावर असतो. ट्रक येतो, काट्यावर उभा राहतो, आकडा स्थिरावतो, मी नोंदवतो. आकडा हलत असेल तर थांबायचं, मग ड्रायव्हर कितीही भोंगा वाजवो. त्यामुळे खाली जे मोजलं ते मोजलं म्हणून सांगेन आणि जे नुसतं वाटलं ते वाटलं म्हणून.

राहायला आम्ही पोलादपूरला. घरात मी आणि बायको सुनंदा. मुलगा पुण्याला नोकरी करतो. माझी थोरली बहीण भांडुपला तिच्या मुलीकडे, केतकीकडे असते. तिला आम्ही सगळे ‘बाय’च म्हणतो. हा अनुभव बायचा आणि माझा आहे. आणि आमच्या घरातल्या राउटरचा.

त्याआधी हाळीबद्दल सांगायला हवं.

आमची मूळ वाडी आंबेनळीच्या अंगाला, डोंगरात. घरं एका उतारावर, नाचणीची शेतं आणि गुरांचं कुरण समोरच्या उतारावर, मध्ये खोल ओहळ. पायी पलीकडे जायचं तर उतरून पुन्हा चढायचं, दम निघतो. आवाज मात्र सरळ जातो. त्यामुळे सगळे निरोप हाळी देऊन. त्याला एक शिस्त होती आणि ती पोरासोरांनाही पाठ असायची. हाक ऐकू आली की आधी ओ द्यायची. निरोप नंतर. ओ आली म्हणजे हाक पोचली. ओ येईपर्यंत इकडच्याने पुढचं बोलायचं नाही, नाहीतर डोंगरावरून परत आलेला आवाज आणि तुमचा नवा आवाज एकमेकांत मिसळतात आणि पलीकडच्याला ओ की ठो कळत नाही.

बाय गुरं घेऊन पलीकडे असायची. मी जेवायला हाक मारायला अंगणाच्या कडेला यायचो आणि तोंडाभोवती हात धरून ओरडायचो, “बाय गोऽऽ!” तिची ओ इतकी लवकर यायची की माझं तोंड अजून उघडंच असायचं. कधी कधी तर हाक मारायच्या आधीच. मला राग यायचा. एकदा विचारलं, “मी ओरडायच्या आधी तू ओ कशी देतेस गो?”

ती हसत सुटली. “अरे येड्या, तू कडेला येऊन तोंडाला हात लावलास की मला दिसतंय ना! आवाज यायची वाट कशाला बघू? भूक लागलेली असते मला!”

म्हणजे तेव्हा त्यात काही गूढ नव्हतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास बायला अर्धांगाचा झटका आला. हातपाय व्यायामाने बरेच सुधारले. बोलणं मात्र अडकलं. तिला सगळं समजतं, कुणी चेष्टा केली तर डोळे हसतात, पण शब्द ओठांपर्यंत यायला वेळ लागतो आणि आला तरी अर्धा येतो. बोलायचा सराव करून घेणाऱ्या थेरपीच्या बाई घरी येतात. त्यांनी केतकीला सांगितलं होतं की घरच्या माणसांनी रोज बोलत राहायचं, प्रश्न विचारायचा आणि मग थांबायचं. तिच्या तोंडात शब्द घालायचा नाही, ती बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. तिने जर बोलायचा नादच सोडला तर तिला परत बोलतं करणं फार अवघड जाईल.

म्हणून रोज संध्याकाळी माझा फोन. इंटरनेटवरून, कारण आमच्या गल्लीत साध्या फोनला रेंज धड नाही, आणि घरात फायबर आलेलं आहे. फक्त आवाज, व्हिडिओ नाही. वाकडं झालेलं तोंड बायला स्क्रीनवर दिसायचं आणि ती पदर ओढून घ्यायची, म्हणून व्हिडिओ आम्ही पहिल्या आठवड्यातच बंद केला.

आता त्या फोनवर काय व्हायचं ते सांगतो. मी विचारायचो, “बाय, जेवलीस?” तिकडे शांतता. मी थांबायचो. मला वाटायचं ऐकूच गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणायचो, “जेवलीस का गो?” नेमकं त्याच वेळी तिकडून तिचं “जे...” आलेलं असायचं आणि माझा दुसरा प्रश्न तिच्या दुसऱ्या अक्षरावर जाऊन आदळायचा. ती थांबायची. तिला वाटायचं आपण काहीतरी चुकीचं बोललो. मग दोघंही गप्प... मग दोघंही एकदम... मग पुन्हा गप्प. धडधाकट माणसं अशा वेळी हसून म्हणतात, “हां, तू बोल आधी.” बायला तेवढं वाक्य म्हणायलाच केवढा वेळ लागत होता.

आम्ही हाळीवाले. पलीकडच्याला ऐकू गेलं नाही तर आणखी मोठ्याने ओरडायचं, हा आमचा पहिला उपाय. तो मी केला. केतकी म्हणाली, “मामा, स्पीकर फाटेल, आईला ऐकू येतं सगळं!” दुसरा उपाय उंचावर जायचं. वाडीत मोबाइल नवे आले तेव्हा रेंजसाठी आम्ही कातळावर चढून बसायचो, ती सवय. मी फोन घेऊन गच्चीवर निघालो तेव्हा सुनंदा जिन्यात उभी राहिली.

“अहो, राउटर खाली, वायफाय खाली, आणि तुम्ही कुठे चाललात वर?”

“रेंज बघतो जरा.”

“वर कावळ्यांना येते रेंज. खाली या.”

तिसरा उपाय केबलवाल्याने सुचवला. मोठा प्लॅन घ्या. घेतला. तो येऊन स्पीड दाखवून गेला, “काका, आता बघा, विमान झालंय तुमचं!” वेग खरोखर दुप्पट झाला होता, मी स्वतः तपासला. बायचा आणि माझा गोंधळ मात्र होता तसाच राहिला.

मध्ये मी सुट्टी काढून भांडुपला गेलो. बायसमोर स्टूल घेऊन बसलो. तिने माझ्याकडे बघितलं, ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मी नुसता बसून राहिलो, काट्यावर आकडा स्थिरावायची वाट बघतो तसा. “चा... घे... घेतलास?” पूर्ण वाक्य! मी म्हटलं, “घेतला गो, दोनदा घेतला.” ती खुदकन हसली.

परत येताना गाडीत हेच डोक्यात होतं. समोर बसलो की वाक्य पूर्ण होतं, फोनवर होत नाही. माणसं तीच, शब्द तेच, बायची अडचणही तीच. फरक एकाच गोष्टीचा. माझी थांबायची जागा आणि तिची बोलायची जागा फोनवर जुळत नव्हती. मधला उशीर मारत होता आम्हाला.

हे कळेपर्यंत मात्र नुकसान व्हायला लागलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत केतकीचा फोन आला. आवाज रडवेला. “मामा, आई आता फोन जवळ नेला की तोंड फिरवते. आज थेरपीच्या बाई आल्या तर त्यांनाही हाताने नको नको केलं. दिवसभर एक शब्द नाही...” मी फोन ठेवला आणि बराच वेळ राउटरच्या हिरव्या दिव्यांकडे बघत बसलो. माझ्याशी बोलायच्या धडपडीत माझी बहीण मुकी होत चालली होती.

मग मी मोजायला घेतलं. संगणकावरून एक छोटा संदेश बाहेर पाठवायचा आणि परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. एरवी आकडा यायचा वीस-बावीस मिलिसेकंद, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्याही आत. संध्याकाळी मात्र बघता बघता तो नऊशेवर गेला, मग दीड हजारावर. दीड सेकंद! आणि हे नेमकं कधी? सुनंदा भजनी मंडळातून घरी येऊन चप्पल काढते तेव्हा. तिचा फोन वायफायला लागला की त्या दिवशी काढलेले भजनाचे सगळे व्हिडिओ आपोआप वर चढायला लागतात.

मी म्हटलं, “अगं, तुझ्या भजनांनी माझी बहीण अडवून धरलीय.”

“देवाचं नाव हाय ते. त्याला दोष देऊ नका.”

“देवाला नाही देत. रांगेला देतोय.”

ही रांगेची गोष्ट मला पुस्तकं न वाचता कळली, कारण ती मी रोज बघतो. आमच्या कारखान्यात काट्यासमोर ट्रकची गर्दी व्हायची. कुणीतरी डोकं चालवलं आणि आवार मोठं केलं. मोकळी जागा झाली म्हणून सगळे ट्रक आत येऊन उभे राहायला लागले. काटा तेवढाच, एका वेळी एकच गाडी. त्यामुळे रांग आणखी लांबली, आणि प्रयोगशाळेच्या नमुन्याची एक बाटली घेऊन आलेला छोटा टेम्पोही त्या राक्षसांच्या मागे ताटकळायला लागला. आवार मोठं केल्याने काटा वेगवान होत नाही, फक्त थांबायला जागा वाढते. शेवटी गेटवरच शिस्त लावली. काट्याला झेपतील त्याहून किंचित कमीच गाड्या आत सोडायच्या, एका मालकाचे सगळे ट्रक ओळीने न घेता प्रत्येकाची एकेक गाडी आळीपाळीने घ्यायची. टेम्पोवाला आला की लगेच त्याचा नंबर. त्या दिवसापासून भोंगे थांबले.

इंटरनेटवर शोधलं तर राउटरचं दुखणं अगदी हेच निघालं. आत माल साठवायला जागा भरपूर, म्हणून व्हिडिओचे मोठे तुकडे रांग लावून बसतात आणि आवाजाचा चिमुकला तुकडा त्यांच्या शेपटाला. ही रांग नीट सांभाळणारा राउटर मिळतो, त्या सोयीला स्मार्ट क्यू म्हणतात. मी तो आणला. लाइनचा खरा वेग मोजला, मर्यादा त्याहून थोडी खाली लावली, म्हणजे रांग झालीच तर माझ्या घरात, माझ्या शिस्तीत व्हावी.

सुनंदा मागे उभी राहून बघत होती. “म्हणजे माझी भजनं दाराबाहेर उभी करणार तुम्ही?”

“बाहेर नाही गं. एकेक करून सोडणार. बायचा आवाज म्हणजे छोटा टेम्पो, त्याला मध्ये वाट द्यायची.”

“मग वन्संना आधी सोडा. माझा देव थांबेल.”

आता त्या संध्याकाळबद्दल.

मला खात्री करून घ्यायची होती, म्हणून मी मुद्दाम ओझं टाकलं. सुनंदाला म्हटलं, “तुझ्या फोनमध्ये आहेत ते सगळे व्हिडिओ लाव वर चढवायला.” तिला तेवढंच हवं होतं. आकडा बघितला, तीसच्या आसपास स्थिर. मग केतकीला फोन लावला. टेबलावर माझा जुना फोन रेकॉर्डिंग सुरू करून ठेवला होता. माझं बोलणं संपल्यापासून तिकडचं उत्तर येईपर्यंतचं अंतर नंतर मोजावं, एवढाच हेतू.

केतकी बोलली तेव्हाच फरक कळला. “मामा, तू शेजारच्या खोलीत असल्यासारखा वाटतोयस!” मग म्हणाली, “थांब, आईजवळ ठेवते. तोंड भिंतीकडे केलंय तिने. मी पण इकडे रेकॉर्ड करते, काही बोलली तर थेरपीच्या बाईंना ऐकवता येईल.”

“बाय, चहा झाला?” मी विचारलं आणि थांबलो. काही नाही. “बाय, वाडीत यंदा नाचणी चांगली आलीय.” थांबलो. काही नाही. पंखा फिरल्याचा आवाज तेवढा येत होता, तोही किती स्वच्छ.

सुनंदा दाराला टेकून उभी होती. तिने मान हलवली. जाऊ दे आज, अशी.

का कोण जाणे, मला एकदम वाडीचं अंगण आठवलं. मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो. पोलादपूरच्या गल्लीत, चार भिंतींच्या आत, या वयात हाळी द्यायची म्हणजे मलाच लाज वाटत होती. सवयीने हात तोंडाभोवती गेले. छातीत हवा भरून घेतली...

आणि टेबलावरच्या फोनमधून आवाज आला.

“ओऽऽ!”

खणखणीत. कुठे अडकणं नाही, तुटणं नाही. डोंगरापलीकडून यायची तशी लांबवलेली ओ.

माझे हात तसेच तोंडापाशी. सुनंदा दारातून सरळ झाली. “तुम्ही हाक मारलीत?”

मी मान हलवली. नाही, अजून नाही.

पण छातीत भरलेली हवा तशीच होती, ती आत ठेवणं शक्य नव्हतं. हाक माझ्याकडून निघूनच गेली. “बाय गोऽऽ!” शेजारचे भाऊ खिडकीत आले. आणि फोनमध्ये केतकी रडतेय की हसतेय तेच कळेना. “मामा! आई बोलली! तू हाक मारलीस आणि आई बोलली! वळून बसलीय बघ!”

मी खुर्चीत बसलो.

थोडं सावरल्यावर केतकीला विचारलं, “आधी काय झालं? ओ की माझी हाक?”

“हे काय विचारणं झालं मामा? तुझी हाक आली, मग आईने ओ दिली.”

“हाक एकदाच आली?”

“एकदाच. असं का विचारतोयस?”

दुसऱ्या दिवशी तिने तिचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात “बाय गोऽऽ”, जेमतेम श्वासाइतकी शांतता आणि मग “ओऽऽ”. माझ्या जुन्या फोनमधल्या रेकॉर्डिंगमध्ये आधी “ओऽऽ”, मग सुनंदाचं “तुम्ही हाक मारलीत?”, मग माझी हाक. दोन्ही मी इतक्या वेळा ऐकली की सुनंदा म्हणाली, “आता झिजेल तो फोन.”

तुम्ही जे जे म्हणाल ते सगळं मीही स्वतःला म्हणून बघितलं. तिने मला हात तोंडाशी नेताना पाहिलं असेल, लहानपणी बघायची तसं? व्हिडिओ बंद होता, आणि तिचं तोंड भिंतीकडे होतं. मी श्वास भरून घेतला तो तिला ऐकू गेला असेल? मलाही आधी हेच वाटलं. पण मग केतकीच्या रेकॉर्डिंगमध्ये ओ आधी यायला हवी आणि हाक नंतर. तिथे तर हाक आधी आहे, पूर्ण. ॲपने आवाज पुढेमागे केला असेल? राउटरविषयी लिहिणाऱ्या एका मंचावर मी हा प्रश्न टाकला. एका भल्या इंजिनियरने उत्तर दिलं की आवाज उशिरा पोचू शकतो, गळू शकतो, तुकडे उलटसुलट होऊ शकतात, पण जो आवाज अजून निघालाच नाही तो पोचवणारं यंत्र बनलेलं नाही. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी घोळ असणार. असेल. पण त्या खोलीत मी होतो, सुनंदा होती, आमचे चारही कान शाबूत होते.

उशीर कमी करत करत शून्यापर्यंत न्यायचा प्रयत्न करता येतो. शून्याच्या खाली जायला वाट नाही. काट्यावर कधी वजा आकडा दिसला तर मी घाबरत नाही. प्लेटवर चिखल होता, तो पडला, शून्य चुकलं. प्लेट झाडायची, पुन्हा शून्य करायचं. इथे मी काय झाडू?

बाय त्या दिवसापासून फोनकडे तोंड करून बसते. शब्द हळूहळू परत येतायत. थेरपीच्या बाईंनी केतकीला सांगितलं, तो मामांचा प्रकार रोज चालू ठेवा. म्हणून आता रोज संध्याकाळी आमचा फोन हाळीनेच सुरू होतो. मी “बाय गोऽऽ” म्हणतो, ती ओ देते, मग चहा, नाचणी, सुनंदाच्या मंडळातली भांडणं. शेजारचे भाऊ आता खिडकीत येत नाहीत. गच्चीवरून ओरडतात, “वेळ झाली वाटतं हाळीची!”

बहुतेक दिवशी सगळं रीतसर होतं. आधी हाक, मग ओ. पण अधूनमधून ओ आधी येते. कधी येईल याचा काही नियम मी लावू शकलेलो नाही. वीज, पाऊस, लाइनवरची गर्दी, माझी तब्येत, सगळ्यांशी ताडून बघितलं. काही जुळत नाही. आणि प्रत्येक वेळी केतकी सांगते की तिकडे सगळं वेळच्या वेळी झालं.

मागच्या खेपेला भांडुपला गेलो तेव्हा बायलाच विचारलं. ती पाटावर बसून वाटाणे सोलत होती, डाव्या हाताने. “बाय, खरं सांग. मी हाक मारायच्या आधी तू ओ कशी देतेस?”

तिने वाटाणा ताटलीत टाकला. बराच वेळ ओठ जुळवत राहिली. मी थांबलो.

“मारलीस... ना पण?”

“मारली. पण नंतर.”

“मंग... झालं तर.” आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने हसून म्हणाली, “तूच... उशिरा... मारतोस.”

केतकी मात्र तशी सोडणारी नाही, ती माझीच भाची. तिने अगदी मी सुचवला असता तसाच प्रयोग सुचवला. “मामा, पुढच्या वेळी तुझ्याकडे ओ आधी आली ना, की तू हाक मारूच नकोस. गप्प बस. मग बघू इकडे काय ऐकू येतं ते. एका फटक्यात निकाल लागेल.”

तर्काला धरून आहे. दुसऱ्या कुणाचा अनुभव असता तर मीही त्याला हेच सांगितलं असतं. मी म्हटलं, “बघू.”

मग एका संध्याकाळी फोन लागला, मी बशीतला चहा तोंडात घेतला आणि तेवढ्यात ओ आली. चहा कढत होता, गिळवेना, थुंकवेना. केतकीचं बोलणं डोक्यात आलं. आयतीच संधी. काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं. मी बशी धरून उभा. फोनमध्ये शांतता, तीच पंख्याची घरघर. आणि मला दिसायला लागलं... पलीकडच्या उतारावर गुरांमध्ये उभी असलेली बाय. ओ देऊन झालीय तिची. आता आमच्या अंगणाकडे बघत थांबलीय, निरोपासाठी.

“अहो, हाक मारा की!” सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली. “वन्सं खोळंबल्यात!”

मी चहा गिळला. घसा पोळला. “बाय गोऽऽ!”

“मामा, आज आवाज असा का रे येतोय?” केतकी म्हणाली. “घोगरा? आईने तरी ऐकून लगेच ओ दिली.” म्हणजे तिकडे त्यांनी माझा पोळलेला आवाज ऐकला होता, ओ द्यायच्या आधी. आणि माझ्याकडे ओ आली तेव्हा माझा घसा अजून पोळायचा होता.

इथल्या जाणकारांपैकी कुणाला याचा उलगडा सुचला तर जरूर लिहा, मी प्रत्येक शक्यता तपासून बघेन. राउटरची सेटिंग हवी असेल तर तीही देतो. निदान तुमच्या घरातलं बोलणं सुधारेल, त्याची मी खात्री देऊ शकतो. फक्त एक सुचवू नका, हाक न मारता बघा म्हणून. आयुष्यभर मी आकडा स्थिरावल्याशिवाय लिहिला नाही, पण हा एक आकडा मला नको आहे. मी हाक मारली नाही तर त्या दिवशी बायने काय ऐकलं असेल? ती कुणाला ओ देऊन बसली असेल?

आता सुनंदा यायची वेळ झालीय. तिचा फोन भजनं चढवायला घेईल, राउटर त्यांना एकेक करून सोडेल, आणि मी खुर्ची मागे सारून उभा राहीन. ओ आधी येवो की नंतर. माझी हाक येणारच, हे धरून माझी बहीण भांडुपला बोलायला बसलेली असते. तिला ती मिळाली पाहिजे.